मदतीचे जहाज अडवता येते काय?

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या गावांत समुद्राशी नाते नाही असे घर विरळाच. कोणी आनंदवाडीच्या बंदरात ट्रॉलरवर खलाशी, कोणी मुंबईच्या गोदीत आयुष्य काढून निवृत्त झालेला, तर कोणाचा मुलगा 'बोटीवर', म्हणजे व्यापारी जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने परमुलखात. त्यामुळे कुठे जहाज अडवल्याची बातमी आली की ती आपल्याकडे केवळ परदेशातील घडामोड म्हणून वाचली जात नाही. त्या जहाजावर आपला कोणी नाही ना, हा विचार आधी मनात येतो.

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी अशीच एक बातमी आली. भूमध्य समुद्रातून गाझाकडे अन्न व औषधे घेऊन निघालेल्या चाळीसहून अधिक लहान नौका इस्रायलच्या नौदलाने वाटेत अडवल्या आणि त्यांवरील शेकडो माणसे ताब्यात घेतली. त्याच वर्षी ९ जून रोजी 'मॅडलीन' नावाची, अवघी बारा माणसे असलेली नौका अशीच पकडली गेली होती. या घटनांवर आपल्या तरुण मंडळींत पुष्कळ वाद झडले. एक बाजू म्हणे, ही उघड चाचेगिरी आहे. दुसरी म्हणे, युद्ध म्हटले की हे चालायचेच. दोन्ही उत्तरे ऐकायला सोपी आहेत, पण कायदा यांपैकी एकही उत्तर देत नाही. तो नेमके काय म्हणतो, हे सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

वाद तसा जुना आहे आणि तो आपल्या उंबरठ्यावर लढला गेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. पैसे भरून तो घ्यावा, सांगितलेल्या बंदरातच जावे, आणि कागद जवळ नसेल तर गलबत मालासकट जप्त! समुद्र कोणी त्यांच्या नावावर करून दिला होता, हे विचारण्याची सोय नव्हती. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तेच शस्त्र उलटे फिरवले. आमच्या पाण्यातून जाणाऱ्याने आमचे दस्तक घेतले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. इंग्रजांनी तो मानला नाही आणि मराठी राज्याच्या या सरखेलास 'चाचा' ठरवून टाकले. कान्होजी १७२९ साली वारले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून आपला विजयदुर्ग घेतला, तोही पेशव्यांची साथ घेऊन. इंग्रजी पुस्तकांत आंग्र्यांचे नाव पुढे दोनशे वर्षे चाचा म्हणूनच छापले गेले. वाघोटन खाडीच्या मुखाशी उभे राहून तो किल्ला पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. समुद्रात कागद मागण्याचा हक्क कोणाचा, हे त्या काळी ज्याच्या तोफा भारी तो ठरवीत असे. हा निर्णय तोफांच्या हातून काढून नियमांच्या हाती द्यावा, यासाठी गेली पावणेदोनशे वर्षे जो खटाटोप चालू आहे त्याचेच नाव समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा.

प्रथम शांततेच्या काळाचा नियम पाहू. १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने सागरी कायद्याचा मोठा करार झाला. तो १९९४ च्या नोव्हेंबरात अमलात आला आणि १९९५ साली भारताने त्यास मान्यता दिली. त्यानुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतचे पाणी हा त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. तेथे त्या देशाची सत्ता चालते. परक्या जहाजाला उपद्रव न करता सरळ निघून जाण्याची मुभा आहे, पण माल उतरवायचा तर परवानगी हवी. याच्या बाहेर, खुल्या समुद्रात, जहाजावर फक्त एकाच देशाचा हुकूम चालतो. ज्या देशाचे निशाण जहाजावर फडकते तो देश. परक्या युद्धनौकेने अशा जहाजावर चढायचे तर कारणे मोजकी आहेत: चाचेगिरीचा संशय, गुलामांचा व्यापार, विनापरवाना रेडिओ प्रक्षेपण, जहाजाला कोणत्याच देशाचे निशाण नसणे, किंवा खोटे निशाण लावून ते प्रत्यक्षात त्या युद्धनौकेच्याच देशाचे असणे. भुकेल्यांना अन्न नेणे हे कारण त्या यादीत नाही. तेव्हा शांततेच्या काळात खुल्या समुद्रात मदतीचे जहाज अडवले तर ते बेकायदा, यात शंका घेण्यास जागा नाही.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. अशा कृत्यास वर्तमानपत्रे सर्रास चाचेगिरी म्हणतात. कायद्यात चाचेगिरी म्हणजे खासगी जहाजावरील माणसांनी खासगी लाभासाठी केलेली लूटमार. सरकारी नौदलाने सरकारच्या हुकमाने केलेले कृत्य कितीही बेकायदा असो, ते चाचेगिरी ठरत नाही. तो त्या सरकारचा अपराध ठरतो आणि त्याची दाद वेगळ्या दरवाजावर मागावी लागते.

पण युद्ध सुरू झाले की नियमांचे दुसरे पुस्तक उघडते, आणि खरी गुंतागुंत तेथेच आहे.

किल्ल्याला वेढा घालून रसद तोडायची, हा युद्धप्रकार आपल्याला शाळेतल्या इतिहासापासून ठाऊक आहे. नाकेबंदी म्हणजे समुद्रावरचा वेढा. ती कायद्याने करता येते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तिला अटी आहेत. १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्याने ठरवले की नाकेबंदी कागदी असून चालणार नाही, ती प्रत्यक्ष राबवता आली पाहिजे. पुढे आणखी अटी रूढ झाल्या. ती जाहीर केली पाहिजे, कोठून कोठपर्यंत हे सांगितले पाहिजे, आणि सर्व देशांच्या जहाजांना सारखी लागू केली पाहिजे. अशी नाकेबंदी फोडू पाहणारे जहाज खुल्या समुद्रातही अडवता येते. याशिवाय लढणाऱ्या देशाला तटस्थ जहाज थांबवून त्यात शत्रूसाठी शस्त्रे, दारूगोळा असा निषिद्ध माल आहे काय, याची झडती घेण्याचा हक्क आहे. हे सर्व नियम तज्ज्ञांनी १९९४ साली इटलीतील सान रेमो येथे एका पुस्तिकेत एकत्र केले. ती पुस्तिका म्हणजे करार नव्हे, परंतु न्यायालये आणि नौदले तिचा आधार घेतात.

याच पुस्तिकेत आपल्या गाबीत बांधवांच्या कामाची एक ओळ आहे. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान नौकांवर युद्धातही हल्ला करता येत नाही. त्या नौकांनी युद्धात भाग घेऊ नये आणि नौदलाचे हुकूम पाळावेत, एवढीच अट. या नियमामागे एक गाजलेला खटला आहे. १८९८ साली स्पेनशी युद्ध चालू असता अमेरिकी नौदलाने क्यूबाची नाकेबंदी केली आणि 'पाकेते हबाना' व 'लोला' ही दोन मासेमारी गलबते ताज्या मासळीसकट पकडून लिलावात विकली. बिचाऱ्या तांडेलांना युद्ध सुरू झाल्याचाही पत्ता नव्हता! खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०० साली न्यायालयाने शतकानुशतकांच्या रूढीचा दाखला देऊन निकाल दिला की गरीब कोळ्याचे गलबत ही युद्धातली लूट होऊ शकत नाही, सबब मालकांना भरपाई द्या. आपल्याच नौदलाविरुद्ध आपल्याच न्यायालयाने दिलेला हा निकाल आहे, म्हणून आम्हास त्याचे विशेष मोल वाटते.

आता मुख्य मुद्दा. वेढ्यात सैनिक उपाशी राहतो तशी बाळंतीणही उपाशी राहते. तिचे काय? जुने कायदे याबाबत जवळजवळ मुके होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, जिनिव्हा येथे चार करार झाले. त्यांतील चौथा करार सामान्य नागरिकांसाठी आहे. भारतानेही हे करार स्वीकारले असून १९६० साली त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. चौथ्या कराराचे २३ वे कलम सांगते की शत्रूच्या नागरिकांसाठी जाणारी औषधे व रुग्णालयाचे साहित्य, तसेच पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यासाठी जाणारे आवश्यक अन्न, कपडे व शक्तिवर्धक पदार्थ यांना वाट दिली पाहिजे. ५९ वे कलम याहून कडक आहे. एखादा प्रदेश परक्या सैन्याच्या ताब्यात असेल आणि तेथील जनतेला पुरेसे अन्न मिळत नसेल, तर ताबा असलेल्या देशाने मदत योजनांना संमती दिलीच पाहिजे. सान रेमो पुस्तिकाही तेच म्हणते. केवळ लोकांना उपाशी मारण्यासाठी केलेली नाकेबंदी बेकायदा आहे. नाकेबंदी कायदेशीर असली तरी आतली जनता अन्नावाचून तडफडत असेल तर अन्नाला वाट द्यावी लागते.

परंतु याच कलमांत पुढे 'मात्र' येतो, आणि सगळी भांडणे त्या 'मात्र'वर होतात. वाट देणाऱ्याला मालाची झडती घेण्याचा, वेळ व मार्ग ठरवून देण्याचा, आणि माल सैन्याच्या हाती जाणार नाही याची खात्री करून घेण्याचा हक्क आहे. वाटप रेडक्रॉससारख्या निःपक्ष संस्थेच्या देखरेखीखाली व्हावे असाही आग्रह त्यास धरता येतो. म्हणजे अडवण्याचा हक्क आणि जाऊ देण्याचे कर्तव्य ही एकाच कलमाची दोन अंगे आहेत. अडवणारा पहिले अंग वाचून दाखवतो, मदत नेणारा दुसरे. झडती हा मार्ग आहे, मुक्काम नव्हे. झडतीच्या नावाखाली माल कुजेपर्यंत बंदरात अडकवून ठेवला तर झडतीचा हक्क वापरला असे होत नाही, कर्तव्य टाळले असे होते. आमच्या मते संपूर्ण विषयाची किल्ली येथे आहे.

दोन्ही अंगे एकाच वेळी सांभाळता येतात काय? येतात, आणि याचा दाखला ऐन महायुद्धातला आहे. १९४१ साली जर्मनी व तिच्या साथीदारांनी ग्रीस देश व्यापला. ब्रिटनने समुद्रावर नाकेबंदी केली. त्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने पडू लागली. ब्रिटिश सरकारचे म्हणणे असे की ज्याने देश व्यापला त्यानेच लोकांना पोसावे, आम्ही अन्न सोडले तर ते जर्मन सैन्य खाईल. म्हणणे कायद्याला धरून होते, पण माणसे मरत होती. लोकमताचा रेटा वाढला. ऑक्सफर्ड शहरात नागरिकांनी १९४२ साली एक समिती स्थापन केली, तीच पुढे 'ऑक्सफॅम' म्हणून जगप्रसिद्ध झाली. अखेर त्याच वर्षी तडजोड निघाली. तटस्थ स्वीडनची जहाजे रेडक्रॉसच्या खुणा रंगवून कॅनडाचा गहू ग्रीसला नेऊ लागली, महिन्याला सुमारे १५ हजार टन. वाटपावर स्वीडन व स्वित्झर्लंडच्या माणसांची देखरेख होती. दोन्ही शत्रूंनी त्या जहाजांना जाऊ दिले. युद्ध काही त्यामुळे थांबले नाही, पण गहू पोचला.

याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९४५ च्या एप्रिलमध्ये 'आवा मारू' हे जपानी जहाज युद्धकैद्यांसाठी रेडक्रॉसचे साहित्य पोचवून परत चालले होते. अमेरिकेने त्यास अभय दिले होते. तरीही एका अमेरिकी पाणबुडीने ते बुडवले. दोन हजारांहून अधिक माणसे मेली, एक वाचला. पाणबुडीच्या कप्तानावर लष्करी खटला भरण्यात आला. अभयपत्र कागदावर असून भागत नाही, ते समुद्रावरच्या शेवटच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. मदतीच्या नौका अडवल्या गेल्याचा अनुभव भारताने स्वतः घेतला आहे, याचा आज अनेकांना विसर पडला आहे. १९८७ साली श्रीलंकेत तामिळ बंडखोर आणि सरकारी सैन्य यांचे युद्ध ऐन भरात होते. जाफना भागाचा इंधनपुरवठा सरकारने तोडला होता आणि मे महिन्याच्या अखेरीस तेथे मोठी लष्करी मोहीम उघडली होती. तामिळनाडूत संताप उसळला. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या सरकारने जाहीर केले की आम्ही रेडक्रॉसच्या नावाने निःशस्त्र नौकांतून अन्न व इंधन पाठवणार. ३ जून रोजी रामेश्वरहून सुमारे वीस मासेमारी नौका चाळीस टनांच्या आसपास माल घेऊन निघाल्या. सोबत वार्ताहरांचा तांडा होता. सागरी सीमेजवळ श्रीलंकेच्या नौदलाने वाट अडवली. काही तास बोलाचाली झाली आणि नौका परत फिरल्या. गोळी सुटली नाही, कोणाला इजा झाली नाही. पण दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, भारतीय वायुदलाच्या पाच मालवाहू विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे पंचवीस टन मदत टाकली. या मोहिमेस 'पूमालै', म्हणजे पुष्पमाला, असे नाव होते. श्रीलंकेने आपल्या सार्वभौमत्वाचा भंग झाल्याची तक्रार केली.

कायद्याच्या काट्यावर हे प्रकरण तोलले तर काय दिसते? देशाभिमान क्षणभर बाजूस ठेवून वाचकांनी याचा विचार करावा. पाल्कच्या सामुद्रधुनीतील सागरी सीमा भारत-श्रीलंका यांच्यात १९७४ च्या कराराने आखलेली होती. सीमेपलीकडचे पाणी श्रीलंकेचे. युद्ध देशांतर्गत, भारत त्यात पक्षकार नाही. अशा वेळी परक्या मदतीसाठी त्या देशाची संमती लागते, हा सर्वमान्य नियम होता आणि आहे. तेव्हा नौका सीमेवर थांबवण्याचा श्रीलंकेचा हक्क नाकारता येत नाही. विमाने तर संमतीशिवायच गेली. भारताच्या बाजूने सांगण्यासारखेही होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आदल्याच वर्षी, १९८६ च्या जूनमध्ये, निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात म्हटले होते की दुसऱ्या देशातील लोकांना निव्वळ मानवतेपोटी दिलेली मदत हा बेकायदा हस्तक्षेप नव्हे. परंतु न्यायालयाने त्याच दमात अट घातली होती: मदत रेडक्रॉसच्या तत्त्वांनुसार, गरज असलेल्या सर्वांना, भेदभाव न करता मिळाली पाहिजे. पंचवीस टन अन्नाने जाफन्याची भूक किती भागणार? त्या विमानांनी अन्नापेक्षा इशारा अधिक नेला, हे तेव्हाही सर्वांना कळत होते. पुढे त्याच महिन्यात दोन्ही सरकारांची बोलणी होऊन मदतीचे जहाज श्रीलंकेच्या संमतीने जाफन्याकडे गेले. जुलैच्या २९ तारखेला कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. त्यानंतर भारतीय शांतिसेनेचे जे झाले तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायदा व करारांची बंधने यांविषयी आदर जोपासण्याचे तत्त्व राज्याला घालून दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीच्या हातून घडलेल्या घटनेतील हे कलम आपल्या सभासंमेलनांत फारसे उच्चारले जात नाही. मार्गदर्शक तत्त्व असल्याने ते न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हेही खरे. पण प्रश्न विचारण्यास ते पुरेसे आहे. उदाहरणार्थ, जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला पूरक करार घ्या. उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे, आणि अटी पाळून दिलेल्या मदतीस हस्तक्षेप मानू नये असे म्हटले आहे. तो भारताने अद्याप स्वीकारलेला नाही. उपासमारीसाठी मदत अडवणे हा युद्धगुन्हा ठरवणाऱ्या १९९८ च्या रोम करारातही भारत सामील नाही. ज्या देशाने स्वतः मदतीच्या नौका पाठवल्या, त्याने हे दोन कागद बाजूला का ठेवावेत, याचे समाधानकारक उत्तर आम्हास मिळालेले नाही.

गाझाच्या बाबतीत तोलणे याहून अवघड आहे, कारण तेथे मोजमाप करणाऱ्यांतच मतभेद झाले. इस्रायलने २००९ च्या जानेवारीत गाझाची सागरी नाकेबंदी जाहीर केली. ३१ मे २०१० रोजी सहा जहाजांचा काफिला मदत घेऊन जात असता किनाऱ्यापासून सुमारे ७२ सागरी मैलांवर, म्हणजे खुल्या समुद्रात, इस्रायली कमांडो 'मावी मार्मारा' जहाजावर उतरले. झटापटीत नऊ प्रवासी ठार झाले, दहावा काही वर्षांनी दगावला. कमांडोही जखमी झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने नेमलेल्या चौकशी मंडळाने म्हटले की नाकेबंदीच बेकायदा, म्हणून अडवणेही बेकायदा. सरचिटणीसांनी नेमलेल्या दुसऱ्या मंडळाने २०११ साली म्हटले की नाकेबंदी कायदेशीर, परंतु वापरलेले बळ अवाजवी, आणि काफिला नेणाऱ्यांनीही बेपर्वाई केली. एकाच संघटनेची दोन मंडळे आणि दोन निकाल! तरी दोन्ही अहवालांत एक समान धागा आहे, तो वाचकांनी टिपून ठेवावा. अडवण्याचा हक्क असला तरी तो हवा तसा बळ वापरण्याचा परवाना होत नाही. २०१३ साली इस्रायलने तुर्कस्तानची माफी मागितली आणि पुढे भरपाईही मान्य केली.

२०२५ साली काय बदलले? कायदा तोच होता, भूक वाढली होती. त्या वर्षीच्या २२ ऑगस्टला अन्नटंचाई मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ यंत्रणेने गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. इस्रायलने हे निदान फेटाळले. नौका अडवताना त्यांचे म्हणणे असे होते की नाकेबंदी कायदेशीर आहे, माल आमच्या बंदरात उतरवा, तपासून आम्ही पोचवू. वरकरणी हे सान रेमोच्या झडतीच्या अटीला धरून दिसते. परंतु आतल्या लोकांना पुरेसे अन्न खरोखर पोचत आहे की नाही, यावर त्या युक्तिवादाचे सगळे वजन आहे. पोचत नसेल तर 'तपासून पोचवू' या शब्दांना अर्थ उरत नाही. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत देऊन वर सांगितलेल्या ५९ व्या कलमाचाच आधार घेतला आणि गाझातील जनतेसाठी मदत योजनांना संमती देणे व त्यांस साहाय्य करणे हे इस्रायलचे बंधन आहे असे सांगितले. इस्रायलला हे मत मान्य नाही. आणि सल्लावजा मत बंधनकारक नसते. त्या लहान नौकांत मावणारे अन्न लाखो लोकांना पुरण्यासारखे नव्हते, हे टीकाकारांचे म्हणणे बरोबर आहे. रामेश्वरच्या वीस नौकांबाबतही ते तितकेच बरोबर होते.

येमेनचा प्रसंग आपल्याला अधिक जवळचा, कारण तेथे भारतीय खलाशी भरडले गेले. तेथील युद्धात सौदी अरेबिया व मित्रदेशांनी हुती बंडखोरांच्या ताब्यातील बंदरांची कोंडी केली. येमेन आपले बहुतेक धान्य परदेशातून आणतो आणि त्याचा मोठा वाटा हुदैदा बंदरातून उतरतो. बंदराच्या याऱ्या बॉम्बहल्ल्यात निकामी झाल्या होत्या, म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने चार नव्या याऱ्या जहाजाने पाठवल्या. २०१७ च्या जानेवारीत ते जहाज परत फिरवण्यात आले. त्या याऱ्या बंदरात पोचल्या २०१८ च्या जानेवारीत, म्हणजे पुरे एक वर्ष वाया गेले. त्यापूर्वी २०१६ पासून संयुक्त राष्ट्रांनी जिबुती येथे तपासणीची यंत्रणा उभी केली होती. जहाजाने तिथून दाखला घ्यावा आणि पुढे जावे, अशी ती व्यवस्था. झडती तटस्थ माणसाने घ्यायची, हे तत्त्व आम्हास सर्वांत शहाणपणाचे वाटते. पण दाखला असूनही जहाजे ताटकळत राहिल्याच्या तक्रारी आल्याच.

दुसऱ्या बाजूनेही तेच केले. २ जानेवारी २०२२ रोजी हुतींनी हुदैदाच्या समुद्रात 'रवाबी' हे संयुक्त अरब अमिरातीचे जहाज पकडले. सौदी गटाने सांगितले की त्यात सोकोत्रा बेटावरून हलवलेल्या फिरत्या रुग्णालयाचे सामान आहे. हुतींनी चित्रफीत दाखवून म्हटले की हे तर लष्करी सामान आहे. खरे काय ते तपासणारा तटस्थ माणूस तेथे नव्हता. जहाजावर अकरा माणसे होती, त्यांतली सात भारतीय. मालाशी त्यांचा संबंध काय? त्यांनी तो भरला नव्हता, विकत घेतला नव्हता, पाठवला नव्हता. भारताने सुरक्षा परिषदेत हा विषय मांडला, ओमानने मध्यस्थी केली, आणि २४ एप्रिलला ते सुटले. जवळजवळ चार महिने त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील, हे बोटीवर माणूस असलेल्या घराला वेगळे सांगायला नको.

म्हणून शेवटी आपल्या मुलांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. जहाजावर सही करण्यापूर्वी ते कोणत्या देशाच्या निशाणाखाली चालते हे विचारावे, कारण संकटात पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी त्या देशाची असते. करारपत्रात युद्धक्षेत्राचे कलम आहे काय ते पाहावे. आंतरराष्ट्रीय खलाशी संघटनांच्या करारानुसार चालणाऱ्या जहाजांवर, जाहीर केलेल्या युद्धक्षेत्रात जाण्यास नकार देऊन कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला असतो, पण सर्वच जहाजे या करारांखाली येत नाहीत. भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी श्रमिक करारात पुढे दुरुस्ती होऊन, खलाशी चाच्यांच्या कैदेत असला तरी त्याचा पगार चालू राहिला पाहिजे असे ठरले आहे. या दुरुस्तीत शब्द आहेत ते चाचेगिरी आणि सशस्त्र दरोडा असे. आणि नौदलाने पकडणे म्हणजे चाचेगिरी नव्हे, हे आपण वर पाहिलेच. तेव्हा एखाद्या सरकारने वा त्याच्या नौदलाने जहाज अडकवून ठेवले तर पगार चालू राहील काय, हे आपल्या स्वतःच्या करारपत्रात लिहून घ्यावे लागते. ते कलम नसेल तर भरती करणाऱ्या दलालाकडे सहीपूर्वी मागावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर मुंबईस नौवहन महासंचालनालयाकडे त्याच्या परवान्याची चौकशी करावी. करारपत्राची एक प्रत घरी ठेवून जावे.